दोन्ही नॉब दहावर

पुण्यात कोथरूड, सिंहगड रोड भागात घरी येऊन ‘व्हॉल्व्हचा अॅम्प’ (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांवर चालणारा, स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायर) ऐकवून विकणारा एक माणूस फिरतो आहे. माझे 58 हजार रुपये त्याने नेले. गाणं मनापासून ऐकणाऱ्यांचीच घरं तो शोधतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझ्याकडे 1998 साली घेतलेला ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. अॅम्पचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर यायला लागली होती, म्हणून नवा घ्यायचं मनात होतं. ओळखीच्या एकांनी या माणसाचा नंबर दिला. रविवारी सकाळी तो आला. सागवानी कडांची पेटी, वर चार मोठे व्हॉल्व्ह, त्यांच्यावर तारेची जाळी, मागे ट्रान्सफॉर्मरच्या तीन काळ्या डब्या. “हाताने बनवलेला, क्लास ए, चाळीस-चाळीस वॉट. आणि काका, जाळीत बोट घालू नका, आत चारशे व्होल्ट आहेत.” (क्लास ए म्हणजे गाणं थांबलं तरी पूर्ण वीज घेत राहणारी रचना.) खऱ्या व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये एवढे व्होल्ट असतातच, त्यामुळे मला ती त्याने घेतलेली माझी काळजी वाटली आणि माझा विश्वास बसला.

मग त्याने माझ्याच स्पीकरवर तुलना करून दाखवली. “कुणावर अन्याय नको, दोन्ही नॉब घड्याळातल्या दहावर ठेवतो.” आधी माझ्या अॅम्पवर यमनचा विलंबित ख्याल लावला. दोन मिनिटांनी वायरी बदलून तोच तुकडा त्याच्या पेटीवर. तंबोऱ्याची जवारी एकदम मोकळी झाली. डग्ग्याला घुमारा आला. षड्ज लागला तेव्हा गवई हातभर पुढे सरकून बसल्यासारखे वाटले. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, आता किती छान ऐकू येतंय!” तिला तर कुठला अॅम्प चालू आहे हेही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा असतो काका. व्हॉल्व्हला ओल असते.” तो फरक मला खरोखर ऐकू आला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

बिल हवं असेल तर जीएसटी वर पडेल, असं तो म्हणाला आणि मी बिल सोडून दिलं. पैसे यूपीआयने पाठवले. बिल सोडायला नको होतं.

तीन आठवडे रोज ऐकलं. एका रात्री गाणं चालू असताना लाइट गेली आणि व्हॉल्व्हमधला नारिंगी उजेड त्याच क्षणी विझला. दिवा बंद केल्यासारखा. पाच मिनिटांनी लाइट आली तर फोनवरचं गाणं तत्काळ, पूर्ण आवाजात सुरू. मला बाबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवला. बटण दाबल्यावर बातम्या ऐकू यायला निदान अर्धा मिनिट जायचा आणि बंद केल्यावर आतली तांबूस तार हळूहळू काळवंडायची. व्हॉल्व्हमध्ये हीटर कॅथोडला तापवतो तेव्हा कुठे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते क्षणात सुरू होत नाही आणि क्षणात थांबतही नाही. जाळीवर हात धरला. तासभर चालून सगळं गार.

भाच्याला बोलावलं. त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, दुरुस्तीचं काम करतो. खालचे सहा स्क्रू काढून त्याने पेटी उलटी केली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “मामा, सॉकेटला वायरच नाहीत.” चारही व्हॉल्व्ह नुसते खोचलेले होते आणि प्रत्येकाखाली एक नारिंगी एलईडी चिकटवलेला. मागच्या एका डबीत लॅपटॉपच्या चार्जरसारखा सप्लाय, बाकी दोन्हींत वजनासाठी ओतलेलं सिमेंट. आवाज येत होता तो तळहाताएवढ्या बोर्डावरून. त्यावर टीपीए 3116 नावाची क्लास डी, म्हणजे फार कमी वीज वाया घालवणारी, ट्रान्झिस्टरचीच चिप. भाच्याच्या हिशोबाने आतलं सगळं सामान दोन-अडीच हजारांचं.

प्लगला लावायचं वॉटमीटर आधी वापरलं असतं तर पेटी उघडायचीही गरज नव्हती. ईएल 34 जातीच्या एका व्हॉल्व्हचा हीटर 6.3 व्होल्टवर 1.5 अँपिअर घेतो, म्हणजे साडेनऊ वॉट. चारांचे 38 वॉट नुसते तापायला लागतात. शिवाय क्लास एची कार्यक्षमता कागदावरसुद्धा 50 टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणून 80 वॉट देणारा अॅम्प गाणं बंद असतानाही भिंतीतून 160 वॉट तरी ओढत बसणार. ही पेटी 7 वॉट घेत होती.

पण मला रात्रभर झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. व्हॉल्व्ह खोटे होते, मग ती जवारी कुठून आली?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही अॅम्प आळीपाळीने लावले, नॉब त्याने ठेवले होते तिथेच, दहावर. फोनवरून 400 हर्ट्झचा सूर सोडला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला. (साधे मीटर याच्या फार वरच्या सुरांना चुकीचं मोजतात.) माझा अॅम्प 2.00 व्होल्ट. त्याचा 2.38. दीड डेसिबलचा फरक! नॉबचा काटा कुठे आहे यावर आवाज किती हे ठरत नाही, ते ठरतं प्रत्येक अॅम्पच्या गेनवर, म्हणजे आत आलेला सिग्नल तो किती पटीने वाढवतो यावर. आणि एवढासा वाढलेला आवाज कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, तो ‘चांगला’ म्हणून कळतो. खर्ज भरतो, बारीक तपशील वर येतात. त्या माणसाने हे पक्कं ओळखलेलं होतं. त्याने पेटी विकलीच नाही, दीड डेसिबल विकले.

आम्ही दोन्हींचा आवाज 2.00 आणि 2.01 व्होल्टवर आणला. भाच्याने एक स्विच बनवला. यात सावध राहा: क्लास डीच्या अशा बोर्डात स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो, दोन अॅम्पच्या काळ्या वायरी एकत्र जोडल्या तर बोर्ड जळू शकतो. स्विच चारही वायरी बदलणारा हवा. मी पाठ फिरवून बसलो. तो नाणं उडवून अॅम्प निवडायचा आणि मी ओळखायचं. 20 पैकी 11 बरोबर आले. नुसत्या अंदाजाने 10 येतात. खरंच ओळखता येतं असं म्हणायला 15 तरी यायला हवेत. 1998चा माझा अॅम्प आणि ही चिप यांत मला काडीचाही फरक सांगता आला नाही. तोच यमन, तोच तुकडा.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर कधीच वेगळे वाजत नाहीत, असं मी म्हणत नाही. फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल परत आत आणून चूक सुधारायची सोय) नसलेल्या काही व्हॉल्व्ह अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा त्याचा आतला अडथळा, दोन-तीन ओहमपर्यंत जातो. स्पीकरचा इम्पीडन्स सुरागणिक 4 ओहमपासून 20च्याही वर हलतो. दोन्ही एकत्र आले की काही सूर उचलले जातात, काही दबतात, आणि तो फरक ऐकू येतो. अॅम्प ताकदीबाहेर ताणला तर आवाज फाटतो, तोही ऐकू येतो. पण ही सगळी कारणं मोजता येतात. 1985 साली अमेरिकेत अॅम्प बनवणारे बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ या ऑडिओ मासिकाच्या लोकांसमोर एक ट्रान्झिस्टर अॅम्प मोजमाप करत करत त्यांच्या महागड्या व्हॉल्व्ह अॅम्पशी असा जुळवला, की त्या कसलेल्या कानांना दोन्ही वेगळे सांगता आले नाहीत. पुढे गाडीतल्या ऑडिओचे जाणकार रिचर्ड क्लार्क यांनी 10 हजार डॉलरचं आव्हान वर्षानुवर्षं खुलं ठेवलं. आवाजाची पातळी सारखी करायची, अॅम्प ताणायचा नाही, आणि ओळखून दाखवायचं. ते पैसे कुणीही जिंकले नाहीत.

हे मला आधी माहीत असतं तर त्या रविवारी एवढंच म्हणालो असतो, “थांबा, मीटर आणतो.” प्रामाणिक विक्रेत्याची याला हरकत असायचं कारण नाही.

त्याचा फोन आता लागत नाही. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे आणि ‘क्लास ए, चार व्हॉल्व्ह, 40 वॉट’ असं त्याने स्वतः लिहिलेला व्हॉट्सअॅप मेसेज आहे. ग्राहक हेल्पलाइनला 1915वर फोन केला, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पेटी उघडताना भाच्याने व्हिडिओ केला होता, तोही जोडला आहे. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर एकट्याने उघडू नका, मोबाइल कुणाच्या तरी हातात द्या आणि पहिल्या स्क्रूपासून चित्रण करा.

माझ्या जुन्या अॅम्पचा व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा फिरणारा भाग) भाच्याने बदलला. खरखर गेली.