तिसरा मजला, लिफ्ट नाही, काम मात्र चोख

लेकीच्या इंग्लंडच्या व्हिसाचे अडकलेले कागद सांगलीतल्या एका वकीलबाईंनी मार्गी लावले, त्यांच्या कामाबद्दल हे लिहितोय. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी एकतीस वर्षं दिवाणजी आहे. शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, देताना तोलाई किती, हमाली किती, गाडीभाडं किती, सगळं ओळीनं लिहावं लागतं. एक आकडा हलला की दुसऱ्या दिवशी माणूस दारात. असा मी, आणि लेकीच्या व्हिसासाठी एका एजंटाला पासष्ट हजार रुपये दिले ते साध्या चिठोऱ्यावरही लिहून न घेता. का दिले, हे घरात अजून विचारतात. लग्न होऊन पाच महिने झाले होते, पोरगी माहेरीच, आणि गल्लीतली प्रत्येक बाई विचारायची, "अजून हितंच?" एवढंच कारण.

तो भाग आधी उरकतो. जावई मूळचे सांगलीतल्या गावभागातले, आता इंग्लंडात लेस्टरला, तिथं कायम राहायची परवानगी मिळालेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्ज भरला. फी १,८४६ पौंड. शिवाय तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी आगाऊ भरायचा आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड. व्हिसा मिळतो २ वर्षं ९ महिन्यांचा, अधिभार घेतात पुऱ्या ३ वर्षांचा, वर्षाला १,०३५ प्रमाणं. आमच्या यार्डात असं कुणी केलं असतं तर सौदा बंद पडला असता. रुपयांत सगळं मिळून पाच लाखांच्या वर गेलं. फेब्रुवारीत नकार आला. अधिभार परत मिळतो, तो मिळाला, फी बुडाली. अर्जात ई-मेल एजंटानं स्वतःचा टाकलेला, त्यामुळं नकाराचं पत्र आलंय हे आम्हाला अठरा दिवसांनी कळलं, आणि त्याच दमात त्यानं नव्या अर्जाचे चाळीस हजार सांगितले. त्याचं नाव लिहीत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहायला बसलोय त्या वकीलबाईंचंही नाव देत नाही, पण त्याचं कारण वेगळं. बार काउन्सिल म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियम ३६ प्रमाणं वकिलाला जाहिरात करता येत नाही. "काका, तुमचं कौतुक माझ्या अंगाशी यायचं," असं म्हणाल्या. ऑफिस विजयनगरला, कोर्टापासून चालत पाच मिनिटं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्यांच्या वतीनं हे पहिलं वजा.

पहिल्या दिवशी त्यांनी नकाराचं पत्र दोनदा वाचलं. आम्ही समोर गप्प. मग म्हणाल्या, "इंग्लंडचा कायदा माझा नाही. त्यावर मी सल्ला देणार नाही." मला वाटलं, आता हिथनं पण हात हलवत जायचं. पण पुढं त्यांनी नीट समजावलं. इंग्लंडात पैसे घेऊन असला सल्ला द्यायचा तर माणूस तिकडचा वकील, म्हणजे सॉलिसिटर वगैरे, तरी असावा लागतो, नाहीतर तिकडच्या सरकारी यादीत नोंदलेला सल्लागार. सांगलीत बसलेल्या एजंटाला तो नियम लागत नाही, म्हणून तो काहीही छातीठोक सांगू शकतो. तेव्हा जावईबापूंनी तिकडं सॉलिसिटर गाठायचा, आणि सांगलीतला जो कागद कमी पडलाय तो या काढून देणार. अपील करायचं तर पत्र मिळाल्यापासून २८ दिवस असतात. अठरा गेले होते. त्यांनी कॅलेंडरवर उरलेले दहा दिवस पेनानं गोल केले आणि पान फाडून माझ्या हातात दिलं.

नकाराची कारणं दोन. एक, तिकडच्या जोडीदाराची कमाई वर्षाला किमान २९,००० पौंड लागते. एप्रिल २०२४ पासून हा आकडा आहे, आधी १८,६०० होता. जावयांची ३१ हजारांवर आहे. पण सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि त्याच सहा महिन्यांचा पगार जमा झालेला बँकेचा उतारा, दोन्ही जुळावं लागतं. एजंटानं स्लिपा पाचच लावल्या होत्या. माल होता, पट्टी नव्हती.

दुसरं कारण जरा नाजूक. जावयांचं हे दुसरं लग्न. पहिलं २०१८ मध्ये सांगलीच्याच कोर्टात, परस्पर संमतीनं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली मोडलं. आमच्यापासून कुणी काही लपवलं नव्हतं. पण पहिलं लग्न कायद्यानं संपलंय याचा पुरावा म्हणून एजंटानं लावली दोघांच्या सहीची पुरसीस. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. पुरसीस म्हणजे पक्षकारांनी कोर्टाला लिहून दिलेलं. कोर्टानं काय ठरवलं ते हुकूमनाम्यात असतं. कोर्टाचा शिक्का दिसला, चिकटवून दिला, असा प्रकार. आता हुकूमनामा होता कुठं? गावभागातल्या घरी, लोखंडी ट्रंकेत, खालच्या मजल्यावर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा घरात शिरली आणि थेट ट्रंकेतच हिशेब करून गेली. उरला तो कागदाचा लगदा.

इथं खरं काम दिसलं. जावयांकडून वकालतनामा, म्हणजे वकील नेमल्याचा कागद, कुरिअरनं मागवला, नक्कल अर्ज टाकला, आणि रेकॉर्डवरून हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल काढली. मध्ये एक खुट्टी. हुकूमनाम्यात जावयांच्या वडिलांचं नाव "आप्पासो", पासपोर्टवर "आप्पासाहेब". आपल्याकडं हे दोन्ही एकच हे शेंबडं पोर सांगेल. तिकडच्या टेबलावरच्या माणसाला कोण सांगणार? त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत शाळा सोडल्याचा दाखला. असल्या नावांच्या भानगडीच तिथं जास्त येतात म्हणे. मी बाकावर बसलेलो तेव्हा तासगावकडच्या एक आजी होत्या. माहेरचं नाव वेगळं, लग्नात तांदळाच्या ताटात काढलेलं वेगळं, आधारवर तिसरंच. मुलगा अमेरिकेत बोलावतोय आणि आई कागदावर तीन बाया.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क. एजंटाच्या भाषांतरात लग्नपत्रिकेवरचं "चि. सौ. कां." हेच माझ्या लेकीचं पहिलं नाव होऊन बसलं होतं. वकीलबाईंच्या माणसानं भाषांतर चांगलं केलं, पण दोन कागदांवर तारीखच घातली नाही. सॉलिसिटरनं ते परत पाठवलं, आठवडा गेला. हे दुसरं वजा. तिसरं वजा क्षयरोगाच्या तपासणीचं. तो दाखला सहा महिनेच चालतो, आधीचा सप्टेंबरचा होता, म्हणजे बाद. हे लेकीच्या लक्षात आलं, वकीलबाईंच्या नाही. त्यांनी सरळ कबूल केलं, "माझ्याकडून राहिलं." परत मुंबई वारी.

अपील की नवा अर्ज, यावर घरात तीन रात्री वाद. माझं मत अपील, कारण चूक आमची नाही हे कुणीतरी म्हणावं असं वाटायचं. वकीलबाई यावर शब्द बोलल्या नाहीत, सॉलिसिटरकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, वाद घालण्यासारखं काही नाही, कागद कमी होते ते पुरे करा आणि नव्यानं भरा. भरला, मे २०२५ मध्ये. तोवर फी १,९३८ पौंड झाली होती. या वेळी ई-मेल लेकीचा, पासवर्ड लेकीकडं. ही वकीलबाईंची पहिली अट होती. अर्ज तिनं स्वतः भरला, बोटांचे ठसे पुण्यात दिले. ऑगस्टमध्ये व्हिसा आला.

आता पैसे. वकीलबाईंनी एकूण साडेअठरा हजार घेतले आणि पट्टी दिली: नकलेचा खर्च, नोटरी, भाषांतर पानामागं इतकं, कुरिअर, स्वतःची फी. मी घरी येऊन बेरीज तपासली. बरोबर होती. सॉलिसिटरचे पैसे जावयांनी वेगळे दिले, ते यात नाहीत.

जाणार असाल तर एवढं ध्यानात घ्या. संध्याकाळी पाचच्या आत फोन उचलत नाहीत, त्या वेळी कोर्टात असतात. शनिवारी गर्दी होते, साडेदहाच्या आत वर पोचा. बोलणं तुटक आहे. धीर देणारं माणूस शोधत असाल तर मावशीकडं जा. आणि "व्हिसा नक्की होईल ना?" असं विचारू नका. माझ्या बायकोनं विचारलं होतं, त्यावर त्यांनी फाईल मिटून बाजूला ठेवली आणि दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत.

पाचपैकी चार. एक तारा तारखा, दाखला आणि जिने मिळून कापला.

लेक गेल्यावर दोन किलो राजापुरी हळद घेऊन गेलो. त्यांनी पिशवी घेतली, त्या दिवशीचा सौद्याचा भाव विचारला आणि पैसे मोजून टेबलावर ठेवले. मी नको म्हटलं. "मग पिशवी परत न्या," म्हणाल्या. पैसे घेतले. पावती मात्र मागितली त्यांनी, ती माझ्याकडं नव्हती.