राजारामपुरीतील आनुवंशिकतेचा रविवार वर्ग : गुणाकार चोख, सहलग्नता घाईत

माझी मुलगी बारावीत असून नीटची तयारी करते. एका लक्षणाच्या संकराची गणिते तिला येत असत. लक्षणे तीन-चार झाली की मात्र वहीचे पान पनेट स्क्वेअरच्या, म्हणजे पालकांच्या जनुकांच्या सर्व संभाव्य जोड्या मांडायच्या तक्त्याच्या, चौकटींनी भरून जाई आणि तरीही उत्तर चुके. म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतील एका खासगी क्लासने केवळ याच घटकासाठी ठेवलेला चार रविवारांचा वर्ग आम्ही लावला. पालकांना मागच्या बाकावर बसू देत असल्याने मीही चारही रविवार बसलो.

पहिल्या दिवशी सरांनी व्याख्या सांगितल्याच नाहीत. फळ्यावर 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे आणि 32 सुरकुतलेले-हिरवे असे चार आकडे लिहून, हे आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने मोजलेले 556 वाटाणे आहेत, एवढेच सांगितले आणि मुलांना आधी फक्त आकार, मग फक्त रंग पाहायला लावले. गोल 423, सुरकुतलेले 133. पिवळे 416, हिरवे 140. दोन्हीकडे साधारण तीनास एक. मग गोलही आणि पिवळाही दाणा मिळण्याची संभाव्यता तीन-चतुर्थांश गुणिले तीन-चतुर्थांश, म्हणजे 9/16, हे मुलांनीच सांगितले. 9:3:3:1 हे गुणोत्तर पाठ करण्याचे नसून दोन स्वतंत्र गुणोत्तरांचा गुणाकार आहे, हे मलाही वयाच्या पन्नाशीत तेव्हाच नीट उमगले.

दोन्ही पालक चारही जनुकांसाठी विषमयुग्मजी असतील, म्हणजे प्रत्येक जनुकाची एक प्रभावी (एकच असली तरी लक्षण दिसते) आणि एक अप्रभावी (दोन्ही असल्या तरच दिसते) प्रत बाळगत असतील, तर प्रत्येकाचे युग्मक, म्हणजे प्रजनन पेशी, 16 प्रकारचे होतात आणि चौकटी 256. सरांनी एकही चौकट न आखता प्रत्येक जनुकाचा वेगळा विचार करून गुणाकार केला : चारही लक्षणे अप्रभावी असण्याची संभाव्यता 1/256, चारही प्रभावी असण्याची 81/256. ‘नेमकी तीन प्रभावी’ या प्रश्नाला निम्म्या वर्गाने 27/256 हे उत्तर दिले. अप्रभावी लक्षण चारांपैकी कोणतेही असू शकते, म्हणून चारने गुणायचे आणि उत्तर 27/64 येते. ही एक चूक उलगडण्यासाठी सरांनी वीस मिनिटे दिली, आणि माझ्या मते संपूर्ण शुल्क तिथेच वसूल झाले.

तक्रारी दोन आहेत. छापील सरावपुस्तिकेत, दोन्ही पालक थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे) असताना जन्मलेले निरोगी मूल वाहक असण्याची संभाव्यता 1/2 अशी दिली आहे. मूल निरोगी आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे चारांपैकी आजारी असण्याची एक शक्यता बाद होते, उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या, म्हणून उत्तर 2/3 हवे. दाखवून दिल्यावर सरांनी चूक लगेच मान्य केली, परंतु पुस्तिका अजूनही तशीच विकली जाते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. हा सारा गुणाकार जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, किंवा एकाच गुणसूत्रावर पुरेशी दूर असतील तरच चालतो. सहलग्नतेला (लिंकेजला), म्हणजे एकाच गुणसूत्रावरील जवळची जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जाण्याला, शेवटच्या रविवारची अखेरची दहा मिनिटे मिळाली. पुनःसंयोजन, म्हणजे अशा जनुकांची जोडी तुटून नवी जोडी बनणे, 10 टक्के असेल, तर चाचणी संकरात (सर्व लक्षणे अप्रभावी असलेल्या पालकाशी केलेल्या संकरात) 1:1:1:1 ऐवजी 45:45:5:5 असे प्रमाण येते, हे फळ्यावर लिहीपर्यंत पुढच्या तुकडीची मुले दारात उभी होती. मुलीने ते गणित घरी माझ्यासोबत पुन्हा सोडवले. वर्ग पाच रविवारांचा केला आणि शुल्क त्या प्रमाणात वाढवले, तरी मी तिच्या धाकट्या भावाला तिथेच पाठवीन.