ड्रमर नको, डबा बरा: सिस्टर्स ऑफ मर्सीची सुरुवातीची गाणी

सांगलीत माझं ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात पॅड वाजवला. गॉथ नावाचं अंधारं रॉक संगीत म्हणजे काळे कपडे, काजळ, वटवाघळं, त्यातलं मला काही कळत नाही. ठेका मात्र कळतो. ही सीडी मी त्याच कानाने ऐकली.

'सम गर्ल्स वॉन्डर बाय मिस्टेक' हा १९९२चा संग्रह. इंग्लंडमधल्या लीड्सच्या 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' या बँडने मोठ्या कंपनीकडे जाण्याआधी, १९८० ते १९८३ या काळात काढलेल्या तबकड्यांवरची १९ गाणी त्यात आहेत. यातली बरीचशी माझ्याकडे कॅसेटवर होती, वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवरच्या एका मित्राने भरून दिलेली. २०१९ला आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची खूण बुडाली आणि पाणी वर चढतच राहिलं, तेव्हा दुकानातल्या बाकीच्या मालाबरोबर ती कॅसेटही गेली. आता जुनी सीडी ऑनलाइन मागवली. डबी तडकलेली आली, वर विक्रेता म्हणतो 'वर्णनात लिहिलं होतं'. असो, आत चकतीवर ओरखडा नाही.

चकती घातली की लगेच पहिलं गाणं लावू नका. सरळ १४व्यावर जा.

१४, १५, १६ ही तीन गाणी म्हणजे १९८०ची त्यांची पहिली सिंगल, मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी. स्वतःचंच लेबल काढलं, 'मर्सीफुल रिलीज', आणि हजार प्रती छापल्या. कशासाठी, तर आपलं गाणं एकदा रेडिओवर ऐकायला मिळावं म्हणून! तेव्हा बँडमध्ये माणसं दोनच. गॅरी मार्क्सची गिटार घरी सरावाला वापरतात तसल्या चिमुकल्या अ‍ॅम्पमधून गेलीय, आणि ते ऐकू येतं. आवाजाला बूड नाही, नुसती चरचर. माझ्याकडे असा अ‍ॅम्प आला तर मी आधी स्पीकरचा कोन फाटलाय का बघीन. ड्रमवर अँड्र्यू एल्ड्रिच. हाच माणूस पुढे त्या खोल आवाजासाठी गाजला, पण इथे 'द डॅमेज डन'मध्ये त्याचा आवाज अजून खाली उतरलेलाच नाही. 'वॉच' मार्क्सने गायलंय. तिसरं गाणं म्हणावं तर मिनिटभराचंसुद्धा नाही. पंक म्हणतात ते हेच. येत नाही म्हणून थांबायचं नाही, येतं तेवढ्यावर तबकडी काढायची. दोघं त्याच हवेतले. लीड्सच्या एफ क्लबात पंक बँड यायचे, तिथे ही मंडळी पडीक असायची.

एल्ड्रिच ड्रमर म्हणून बेताचाच. मग त्यांनी जे केलं त्याला माझा सलाम. दुसरा ड्रमर शोधलाच नाही. 'डॉक्टर ऱ्हिदम' नावाचं, 'बॉस' कंपनीचं ठेका वाजवणारं छोटं मशीन घेतलं, डीआर-५५, आणि त्याचं बारसं केलं 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच'. त्या मशीनमध्ये आवाज किती? बेस ड्रम, स्नेअर, रिमशॉट, हाय-हॅट. चार. आमच्याकडे लग्नाच्या वरातीतसुद्धा याहून जास्त पॅच, म्हणजे वेगवेगळे आवाज, लागतात.

पण आता १७वं 'बॉडी इलेक्ट्रिक' लावा. १९८२चं. क्रेग अ‍ॅडम्सचा बेस गिटार आला, तोही फाटक्या आवाजाचा, मुद्दाम फाडलेला. माणूस जोशात आला की हात चढतो, लय पळते. मी स्वतः कित्येकदा पळवलीय आणि स्टेजवर शिव्याही खाल्ल्यात. डबा चढत नाही. गिटार, बेस, गळा सगळे अंगावर धावून येतात आणि खाली ठेका तसाच, पंप चालू ठेवून माणूस निघून जावा तसा. भीती वाटते ती या ठेक्याची, काळ्या कपड्यांची नाही.

दुकानातलं पोरगं 'फ्लोरशो' ऐकून म्हणालं, "मामा, ह्यांचा ड्रमवाला दमत नाही का?"

"माणूस नाही रे तो. डबा आहे."

"मग पगार वाचला की."

शेजारी मिरजेचे एक तंतुवाद्यवाले तानपुऱ्याच्या मशीनचं बटण बदलून घ्यायला बसले होते. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या संगीत सभेला दरवर्षी बसणारे कान. 'अ‍ॅलिस'मधला एल्ड्रिच ऐकून म्हणाले, "खर्ज लावलाय, पण घशातनं. पोटातनं नाही." बरोबर आहे. तरी गाणं संपेपर्यंत उठले नाहीत.

'१९६९' हे अमेरिकेच्या स्टूजेस बँडचं गाणं त्यांनी घेतलंय, त्यात मुळं उघडीच दिसतात. ५ ते १० ही 'रेप्टाइल हाउस' या तबकडीची गाणी १९८३ची, संथ, दमट. 'किस द कार्पेट'मध्ये गळा यायलाच इतका वेळ लागतो की मला वाटलं प्लेअर अडकला. हा भाग मला लांबला. पोराला मात्र तोच आवडला, त्याचं वय तसं आहे.

एक लक्षात ठेवा. 'टेम्पल ऑफ लव्ह' इथे आहे ते १९८३चं, लांबवलेलं. इस्रायली गायिका ऑफ्रा हाझाचाही आवाज असलेलं १९९२चं हवं असेल तर ते यात नाही. मला हेच जास्त आवडतं, भिंतीला पोपडे आल्यासारखा आवाज आहे.

गाण्यांचा क्रम चुकलाय, हे माझं ठाम मत. सगळ्यात आधीची तीन गाणी १४व्यावर नेऊन ठेवायची म्हणजे पाया दुसऱ्या मजल्यावर घातल्यासारखं झालं. मी हा क्रम लावतो: १४, १५, १६, मग १७, १८, मग १पासून १३पर्यंत, शेवटी १९वं 'अ‍ॅनाकोंडा'. साध्या स्पीकरवर ऐका. बेस वाढवू नका. परवा मी वाढवला, तर वरच्या फळीवरचा, गिऱ्हाईकाचा नुकताच जोडलेला कीबोर्ड थरथरत कडेला आला, पोराने धावत जाऊन धरला.