समाजवादी, साम्यवादी की डावे: कोणता शब्द कुठे वापरावा?

जुन्या कार्यकर्त्यावर लिहायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. पुष्कळ जण हे तिन्ही शब्द आलटून पालटून वापरतात, आणि त्यात त्या माणसांवर अन्याय होतो.

विषमतेला विरोध समाजवादी आणि साम्यवादी (म्हणजे कम्युनिस्ट) दोघांचाही. पण साम्यवादी मांडणीत समाजवाद हा वर्गहीन समाजाकडे जाणारा टप्पा, तर आपल्याकडच्या समाजवाद्यांना लोकशाही आणि सत्याग्रहाचा मार्ग सोडून कुठलंच ध्येय गाठायचं नव्हतं. १९३४ साली काँग्रेसच्या आतच उभ्या राहिलेल्या काँग्रेस समाजवादी पक्षातली एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, अच्युतराव पटवर्धन ही मंडळी १९४२च्या लढ्यात उतरली. कम्युनिस्ट पक्षाने त्या लढ्याला विरोध केला होता. ही कटुता पुढे कित्येक वर्षं टिकली. म्हणून एस. एम. ना साम्यवादी किंवा कम्युनिस्ट नेते श्री. अ. डांग्यांना समाजवादी म्हणणं ही किरकोळ चूक नाही.

‘साम्यवादी’ हा तसा पुस्तकी शब्द. गिरणगावात लोक कम्युनिस्ट म्हणत, नाहीतर लाल बावटेवाले. माझा कौल ‘कम्युनिस्ट’लाच. ‘मार्क्सवादी’ मात्र जपून वापरा, कारण कम्युनिस्ट पक्षातल्या १९६४च्या फुटीनंतर तो एका पक्षाच्या नावातही आहे. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) मार्क्सवाद मानणारा, पण कम्युनिस्ट पक्षाबाहेरचा. तिथे पक्षाचं नावच लिहावं.

‘डावे’ हा शब्द समूहासाठी बरा. संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. आणि डांगे एकाच व्यासपीठावर होते, तिथे तो चपखल बसतो. एकट्या माणसासाठी तो फार ढोबळ.

‘समाजवादी’चा एक सरकारी अर्थही आहे. १९७६मध्ये हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत आला, आणि नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. तेवढ्यावरून कुणाची विचारसरणी ठरवू नका.

सगळ्यात अवघड क्रांतिसिंह नाना पाटलांसारखी माणसं. साताऱ्यात ब्रिटिशांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या काळात ते कम्युनिस्ट नव्हते. पुढे शेकापमधून कम्युनिस्ट पक्षात गेले आणि त्या पक्षाचे खासदार झाले. नुसतं ‘कम्युनिस्ट नेते नाना पाटील’ लिहिलंत तर वाचक प्रतिसरकार त्या पक्षाच्या खात्यावर मांडेल. अशा वेळी नावाआधी विशेषण लावू नका; कोणत्या काळात कोणत्या पक्षात होते, ते सरळ लिहा.