पाण्याच्या वाफेत पॉझिट्रॉन: ट्रेंटो, कॅनबेरा की लंडन?

पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) आणि पाणी हा विषय पीएचडीला घेणारा असो, की पेट स्कॅनच्या, म्हणजे शरीरात सुटलेल्या पॉझिट्रॉनवरून चित्र काढणाऱ्या तपासणीच्या, सिम्युलेशनसाठी आकडे शोधणारा, दोघंही एकाच ठिकाणी अडतात. पाण्याच्या रेणूवर पॉझिट्रॉन कसे विखुरतात याची मोजमापं मुख्यतः तीन तऱ्हेनं झाली आहेत आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत. मग कुणाचे धरायचे? माझं मत असं की, पाण्याच्या बाबतीत उपकरणाला पहिला प्रश्न एकच विचारावा: किती अंशांपर्यंत वळलेला पॉझिट्रॉन हे उपकरण ‘वळलाच नाही’ म्हणून मोजतं?

कारण रेणूच्या घडणीतच आहे. पाण्याच्या रेणूचं एक अंग किंचित धन, दुसरं किंचित ऋण. या असमतोलाचं माप, म्हणजे द्विध्रुव आघूर्ण, 1.85 डिबाय. त्यामुळे बऱ्याच अंतरावरून जाणारा पॉझिट्रॉनही थोडा ओढला जातो आणि अंशभर, दोन अंश वळून पुढे निघून जातो. अशा टकरी भरपूर. एकूण क्रॉस सेक्शन, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता सांगणारा आकडा, काढायची रीत तशी साधी: वाफ भरलेल्या पेटीत किती पॉझिट्रॉन शिरले, किती सरळ बाहेर पडले, ते मोजायचं. पण जेमतेम वळलेले पॉझिट्रॉनही शोधकापर्यंत पोचले, तर ते सरळ आलेल्यांत जमा होतात आणि उत्तर कमी येतं. आर्गॉनच्या अणूला अशी धन-ऋण अंगं नाहीत, म्हणून तिथे ही चूक लहान असते, पाण्यात ती निकालच बदलते.

इटलीतल्या ट्रेंटोची पद्धत सर्वांत सुटसुटीत. पॉझिट्रॉन बाहेर टाकणाऱ्या किरणोत्सारी सोडियम-22चा स्रोत, त्यापुढे वेग उतरवणारा धातूचा पातळ पापुद्रा, मग वायूची पेटी. अँटोनियो झेक्का आणि सहकाऱ्यांनी 2006 साली या मार्गानं एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) खाली जाऊन पाण्याचे आकडे दिले. इतक्या कमी ऊर्जेची मोजमापं मोजकीच, म्हणून त्यांचं मोल आहे. मात्र हातात येतो तो फक्त एकूण आकडा, आणि सुटलेल्या कोनाची, म्हणजे वळूनही सरळ म्हणून मोजल्या गेलेल्यांची, दुरुस्ती सिद्धान्ताच्या आधारानं करावी लागते.

कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत सुर्को या भौतिकशास्त्रज्ञाच्या पद्धतीचा सापळा वापरतात. गोठवलेल्या निऑनमधून संथ होऊन आलेले पॉझिट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकवायचे, विरळ वायूशी टकरा होऊ देऊन थंड करायचे आणि मग स्पंदांनी सोडायचे. ऊर्जेतला पसारा साठ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उतरतो. मला या पद्धतीतली एक गोष्ट फार आवडते. पॉझिट्रॉननं रेणूतला इलेक्ट्रॉन सोबत घेऊन पॉझिट्रोनियम बनवलं, की ती जोडी विद्युतभाररहित होते, चुंबकीय क्षेत्र तिला धरून ठेवत नाही आणि झोतातून ती गळते. ही गळती मोजली की पॉझिट्रोनियम बनण्याचं क्रॉस सेक्शन वेगळं मिळतं. पाण्याच्या आयनीभवनाला 12.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, पॉझिट्रोनियमच्या बंधातून 6.8 परत मिळतात, म्हणून 5.8 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे ही गळती सुरू होते. 2009 आणि 2014 मध्ये कॅनबेराच्या गटानं एकूण, लवचिक (ऊर्जा न गमावता वळणं), अलवचिक (ऊर्जा गमावून वळणं) असे हिस्से सुटे करून दिले.

पण कोनाचं काय? चुंबकीय क्षेत्रात वळलेल्या पॉझिट्रॉनची झोताच्या दिशेतली ऊर्जा घटते. ही घट पसाऱ्यापेक्षा लहान असेल तर ती दिसतच नाही. ढोबळ हिशेब केला तर 1 इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे 14 अंशांपर्यंतचं वळण निसटतं, 10ला साडेचार अंशांपर्यंतचं. शिवाय मागे फिरलेले पॉझिट्रॉन परावर्तित होऊन पुन्हा पुढे येतात, म्हणून 30 अंश आणि 150 अंश एकाच आकड्यात मिसळतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं चुंबकच टाळला. संपूर्ण विद्युतक्षेत्रानं नेलेला झोत, आणि सुटणारा कोन जेमतेम एक अंश. 2016 मध्ये 10 ते 300 इलेक्ट्रॉनव्होल्टसाठी आलेले एकूण आकडे आधीच्यांपासून लक्षणीय दूर निघाले, आणि ती तफावत इतरांच्या सुटलेल्या कोनांनी समजावता आली. मला हा पुरावा निर्णायक वाटतो. मर्यादा एवढीच की 10च्या खाली ही मोजमापं जात नाहीत आणि हिस्से सुटे होत नाहीत.

वाफ हाताळण्याचा त्रास मात्र तिघांनाही सारखाच. पाण्यात विरघळलेली हवा काढायला ते गोठवायचं, वरची हवा पंपानं ओढायची, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. पेटीत वाफ सोडली तरी भिंती ती धरून ठेवतात आणि दाब स्थिर व्हायला वेळ घेतो. हा दाब चुकला तर क्रॉस सेक्शनही तेवढंच चुकतं.

पीएचडी करणाऱ्यानं सापळ्याची वाट धरावी. वेगवेगळ्या प्रक्रिया सुट्या करायला मिळतात. सोडियम-22च्या स्रोताचं अर्धायुष्य (तो निम्मा व्हायला लागणारा काळ) 2.6 वर्षं आहे हे मात्र आधीच हिशेबात घ्या: पाच वर्षांत तो चौथाईवर येतो.

सिम्युलेशनवाल्यांनी कॅनबेराचे पॉझिट्रोनियमचे आणि अलवचिक आकडे घ्यावेत, 10च्या वर एकूण आकडा लंडनचा धरावा. दोन अंश वळून पॉझिट्रॉनचा मार्ग फारसा बदलत नाही, त्यामुळे तो किती दूर जाईल यावर निसटलेल्या कोनाचा परिणाम थोडाच; ऊर्जा कुठे खर्च होते याचा मोठा. 10च्या खाली मात्र कच्चे आणि दुरुस्त केलेले आकडे एकाच आलेखात मिसळू नका. कोष्टक उतरवताना ऊर्जा आणि क्रॉस सेक्शनच्या शेजारी तिसरा रकाना आखा, सुटलेल्या कोनाचा, आणि तो प्रत्येक ओळीला भरा.