आईपण कशानं येतं: संप्रेरकं की अनुभव?

चोपड्याकडे शेळ्या पाळणारं कुणीही सांगेल: पहिलारू शेळी कधी कधी करडू हुंगून बाजूला सरते, दोन-तीन वेतं झालेली लगेच चाटायला लागते. मग आईपण रक्तात असतं की सरावात? याचा खोल शोध उंदरांवर लागला.

संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, बाजू भक्कम आहे. विण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन घसरतं, इस्ट्रोजेन चढतं, प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन सोबतीला येतात. एरवी पिल्लांच्या वासानंच दूर पळणारी मादी आता घरटं रचते, विखुरलेली पिल्लं एकेक तोंडात धरून आत आणते, पाठीची कमान करून पाजते. १९६८ मध्ये टर्केल आणि रोझेनब्लाट या संशोधकांनी नुकत्याच व्यायलेल्या मादीचा रक्तद्रव न व्यायलेलीला टोचला. तीही दोनेक दिवसांत पिल्लं सांभाळू लागली.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, रोझेनब्लाट यांनी दाखवलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. काहीही न टोचता रोज नवी पिल्लं पिंजऱ्यात ठेवली, तर आठवडाभरात न व्यायलेली मादी त्यांना जवळ घेते. अंडाशय काढलेलीही घेते. अहो, नरसुद्धा घेतो!

माझ्या मते पहिल्या वेताला संप्रेरकं वरचढ, कारण पिल्लं आठवडाभर थांबू शकत नाहीत. पुढच्या वेतांना अनुभव. एकदा पिल्लं सांभाळलेल्या मादीला नंतर संप्रेरकांचा तेवढा आधार लागत नाही.