पारदर्शक अलाइनर: खाणं सोपं, पिणं अवघड

पारदर्शक अलाइनर, म्हणजे वाकडे दात सरळ करायला दातांवर चढवायचे आणि एकामागून एक बदलायचे प्लास्टिकचे ट्रे, घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: काहीही खा, फक्त ट्रे काढून ठेवा. त्यात खोटं काही नाही. तारेच्या ब्रेसेसमध्ये चिकट टॉफी, कडक दाणे, पॉपकॉर्न यांवर महिनोन्‌महिने पाणी सोडावं लागतं. इथे ट्रे डबीत गेला की तोंड जवळपास मोकळं. खाण्याच्या बाबतीत हा प्रकार ब्रेसेसपेक्षा निःसंशय सुखाचा आहे. अडचण येते ती पिण्यात, आणि तीच कुणी नीट सांगत नाही.

आधी वेळेचा हिशेब. ट्रे दिवसातून २० ते २२ तास तोंडात हवा. २२ धरले तर उरतात १२० मिनिटं. तीन जेवणं प्रत्येकी अर्ध्या तासाची, म्हणजे ९० मिनिटं. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, चूळ, ट्रे धुणं यांची पाच-पाच मिनिटं, म्हणजे आणखी १५. हातात राहिली १५ मिनिटं. त्यात एक कप कॉफी बसते, दोन बसत नाहीत. टेबलावर कप ठेवून तासभर घोट-घोट पिणाऱ्याचा हिशेब दुपारच्या आतच कोलमडतो. म्हणून दिवसभर थोडं थोडं खायची सवय असेल तर ते सगळं तीन बैठकांत आणा आणि चहा-कॉफी जेवणाला जोडूनच घ्या.

ट्रे न काढता प्यायलं तर काय बिघडतं? ट्रे दाताला घट्ट बसलेला असला तरी पातळ पदार्थ कडेने आत शिरतोच. एरवी लाळ तोंडातली साखर आणि आम्ल धुऊन नेते. ट्रेच्या आत लाळ फारशी फिरत नाही, त्यामुळे गोड घोट दाताला चिकटून तासन्‌तास तसाच राहतो. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त), आणि कोलाचा पीएच असतो अडीचच्या आसपास. फळांचा रस, लिंबाचं सरबत, खेळाडूंची पेयं हीसुद्धा आम्लधर्मीच. बिनसाखरेच्या सोड्यात साखर नसली तरी आम्ल असतंच. स्ट्रॉ वापरली की भागतं, हा समज तर सोडूनच द्या. पुढच्या दातांवरचे डाग थोडे कमी होतील, पण घोट शेवटी मागच्या दाढांवरूनच जातो. ट्रे लावलेला असताना बिनधास्त प्यावं असं एकच पेय आहे: साधं पाणी, थंड किंवा कोमट.

गरम पेयांचा त्रास वेगळा. हे ट्रे पॉलियुरेथेन किंवा पीईटीजीसारख्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून, उष्णता देऊन साच्यावर ओढलेले असतात. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. जी वस्तू उष्णतेने घडते ती उष्णतेने बिघडतेही. एक ट्रे दात सरकवतो तो जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा वाकसुद्धा त्याचं काम बिघडवायला पुरतो. ट्रे उकळत्या पाण्यात धुण्याचा उत्साह याच कारणाने नडतो.

डाग कुठे पडतात ते एकदा नीट बघा. चहा प्यायलेला ट्रे उजेडासमोर धरा. हिरडीकडच्या कडेला आतून पिवळसर-तपकिरी रेघ दिसेल, आणि अटॅचमेंटसाठी (ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेल्या छोट्या उंचवट्यांसाठी) केलेल्या छोट्या खळग्यांमध्ये रंग साठलेला दिसेल. कॉफी, रेड वाइन, गडद बेरी आणि हळद हे ठळक गुन्हेगार. ट्रे एक-दोन आठवड्यांत बदलतो, त्याचा डाग त्याच्याबरोबर जातो. अटॅचमेंट मात्र कंपोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाची असतात आणि उपचार संपेपर्यंत तिथेच राहतात. त्यांचा रंग बिघडला की पारदर्शक ट्रेमधूनही ठिपके दिसतात. म्हणून ट्रे काढून प्यायलात तरी नंतर चूळ भराच.

आंबट काही घेतल्यावर लगेच ब्रश घासू नका. इनॅमलचा वरचा थर तेव्हा मऊ झालेला असतो. पाण्याने दोन-तीनदा खळखळून चूळ भरा, ट्रे लावा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. ब्रश करूनच ट्रे लावायच्या नियमाला थोडी मुरड पडते खरी, पण वेळही वाचतो आणि दातही.

खाताना जपायची ती ही अटॅचमेंट. सफरचंद सबंध चावू नका, फोडी करून दाढेने खा. कडक पावाची कड, बर्फ, टॉफी यांनी अटॅचमेंट सुटून येतं. ते सुटलं की ट्रेला त्या दातावर पकड मिळत नाही आणि तो दात मागे राहतो, तेव्हा लगेच ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरला कळवा. नवा ट्रे लावल्यावर पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखतं. तेव्हा मऊ खा, आणि ट्रे रात्रीच्या जेवणानंतर बदला, म्हणजे सगळ्यात टोचरे तास झोपेत जातात. ट्रे लावून चावणं तर नकोच: दाढांच्या टोकांवर प्लास्टिकला तडे जातात.

काढायची पद्धत: हात धुवा, शेवटच्या दाढेच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूने बोटाने ओढा (वरचा ट्रे खाली, खालचा वर), मग दुसरी बाजू, मग पुढचा भाग. पुढून हिसका दिला की तडा ठरलेला. लावताना आधी पुढचे दात, मग बोटांनी दाढांवर दाब. दातांनी चावून बसवू नका. नंतर च्युई, म्हणजे ती मऊ नळकांडी, पाचेक मिनिटं एकेका दातावर दाबा. दाताच्या टोकाशी ट्रेमध्ये पोकळी दिसली तर ट्रे अजून बसलेला नाही.

धुताना मऊ ब्रश आणि बिनवासाचा, बिनरंगी साबण वापरा. टूथपेस्टच्या खरखरीत कणांनी ओरखडे पडतात आणि त्यांत डाग जास्त बसतो. ब्रश जवळ नसेल तेव्हा चूळ आणि फ्लॉस इतकं तरी कराच. जेवताना ट्रे टिश्यूत गुंडाळू नका, उष्ट्या ताटाबरोबर तो कचऱ्यात जातो. डबी खिशात ठेवा, आधीचा ट्रेही जपून ठेवा. चालू ट्रे हरवला तर पुढचा आपल्या मनाने लावू नका, आधी फोन करा.

दिवसातून तीनदा जेवणाऱ्या, अधूनमधून पाणीच पिणाऱ्या माणसाला हे साधन अगदी सोयीचं जातं. तासातासाला कप हातात लागणाऱ्याने आधी आठवडाभर सगळी पेयं जेवणाच्या वेळीच घेऊन पाहावीत. ते जमत नसेल तर ब्रेसेसचा विचार खुल्या मनाने करावा. आणि रात्री ब्रश करून ट्रे लावल्यावर दूधसुद्धा नको. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, आणि त्या घोटातली साखर सकाळपर्यंत ट्रेखाली दाताला चिकटून बसते.